एका कामाला किती तास

गोंदिया जिल्ह्यातल्या देवरीला आमच्या क्लासच्या भिंतीवर दोन कागद चिकटवलेले असायचे. एक टायपिंगच्या परीक्षेचं वेळापत्रक, दुसरं भारनियमनाचं. पहिलं वर्षातून दोनदा बदलायचं, दुसरं कधीही. सकाळी सहाला गेलेली लाइट दहाला यायची आणि चारला परत जायची, असं कागदावर लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात ती कोणाला विचारून येत-जात नव्हती. दोन हजार सात-आठची ही गोष्ट. त्या कागदाचा मी इतका राग केला आहे की आजही वेळापत्रक म्हटलं की माझं कपाळ दुखायला लागतं.

क्लास म्हणजे हायवेला लागून असलेली एक खोली. पाच कॉम्प्युटर, त्यातले चार धड चालणारे. सकाळ-संध्याकाळ मी तिथे शिकवायची आणि दुपारी दोन तास शेजारच्या गावातल्या शाळेत कंत्राटी शिक्षिका म्हणून जायची. क्लासला कुलूप लावून गेलं की मुलं परत जायची आणि मग यायचीच नाहीत. म्हणून दुपारी कोणीतरी खोलीत बसायला हवं होतं. ते कोणीतरी म्हणजे माझा दादा.

दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्याला सिकलसेल. आमच्या भागात हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि नसांमध्ये अडकून बसतात, मग हाडं दुखतात, आणि ते दुखणं सुरू झालं की धडधाकट माणूससुद्धा जमिनीवर लोळतो. आईकडून अर्धा दोष, बाबांकडून अर्धा. मला एक अर्धा आला, त्याला दोन्ही. त्यात माझी काही हुशारी नव्हती की त्याची चूक नव्हती.

बारावी होऊन त्याला बरीच वर्षं झाली होती. धानाच्या बांधीत चिखलात उभं राहणं त्याला जमत नव्हतं, मोहफुलं वेचायला पहाटे जंगलात जाणं जमत नव्हतं, एका दुकानात लागला तर महिन्यातले दहा दिवस आजारी पडला. डाव्या खुब्यात कायमचं दुखणं बसलं होतं, त्यामुळे तो लंगडायचा. तिशीतला माणूस दारात बसलेला असला की येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारतो, 'का करून राहिला गा?' आणि तो म्हणायचा, 'बसून राहिलो.' हे उत्तर देऊन देऊन तो थकला होता, आणि ऐकून ऐकून मी.

त्याच सुमारास पेपरच्या पुरवणीत मी त्या प्रकल्पाबद्दल वाचलं. जगभरातले लोक आपापल्या घरचे कॉम्प्युटर रिकाम्या वेळात शास्त्रज्ञांना वापरायला देतात. आपल्या मशीनवर एक काम उतरतं, मशीन ते सोडवतं आणि परत पाठवतं, की दुसरं उतरतं. शरीरातली प्रथिनं कशा घड्या घालून बसतात याचा हिशेब करायचा असतो, म्हणजे पुढे औषधं शोधायला मदत होते. पैसा मिळत नाही. मी कोपऱ्यातल्या मशीनवर तो प्रोग्राम टाकला तेव्हा आई म्हणाली, 'घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं.' तिचं बरोबरच होतं. पण मला वाटलं, दादा दुपारी तिथे नुसता बसतो, त्याच्यासमोर काही तरी हलतं असावं.

पडद्यावर रंगीत दोरा गुंडाळताना आणि उलगडताना दिसायचा, खाली टक्के वाढत जायचे. दादाने पहिल्याच दिवशी विचारलं, 'यात आपल्या बिमारीचं काही आहे का?'

मी खरं सांगितलं. 'नाही. दुसऱ्यांच्या बिमाऱ्यांचं आहे.'

त्याने खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग म्हणाला, 'असू दे. आतापावतर मी लोकायचं रक्तच घेत आलो. माह्याकडून कोणाले काही गेलं नाई.'

दुसऱ्या दिवसापासून तो वेळेवर यायला लागला. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. दारात कोणी विचारलं तर 'ड्युटीवर चाललो' म्हणायचा. आई माझ्याकडे पाहून हसायची आणि डब्यात त्याच्यासाठी एक पोळी जास्त ठेवायची.

त्या प्रकल्पाच्या साइटवर एक जागा होती, जिथे आपण ठरवायचं की एका कामावर मशीनने किती वेळ घालवायचा. एक तास, दोन, तीन, चार, सहा, आठ, असं करत पार चोवीसपर्यंत. काम तेच असतं. कमी तास दिले तर मशीन त्या प्रथिनाच्या थोड्याच घड्या घालून पाहतं, जास्त दिले तर जास्त. शास्त्रज्ञांचं म्हणणं होतं, जमेल तितके जास्त तास द्या, म्हणजे आमच्या यंत्रणेवर सारखी मागणी येणार नाही. माझंही तेच म्हणणं होतं, कारण आमचं इंटरनेट टेलिफोनच्या तारेवर चालायचं आणि एक काम उतरवून घ्यायलाच जीव जायचा. मी सरळ आठ निवडले.

आठ तास सलग लाइट देवरीने कधी पाहिली होती? पहिल्या आठवड्यात ऐंशी टक्क्यांवर आलेलं काम लाइट गेल्यावर परत पहिल्यापासून सुरू झालेलं मी पाहिलं. एकदा नाही, दोनदा. तेव्हा मी दादाला सांगितलं, 'अर्धवट राहिलं तर सगळं वाया जातं. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं, तसं होईल. तू लक्ष ठेव.' आणि मी आठाचे सहा केले, कारण कागदावर दहा ते चार लाइट होती. दहा ते चार, सहा तास. मला माझं गणित फार हुशारीचं वाटलं.

गणित चुकलं होतं. मशीनचे सहा तास म्हणजे घड्याळाचे सहा तास नव्हेत. मुलं त्या मशीनवर टायपिंगला बसली की काम थांबायचं आणि ती उठली की पुढे सरकायचं. चार वाजता पाहावं तर पंच्याऐंशी टक्के. दादाने मग त्यावर आपला उपाय काढला. तो मुलांना त्या मशीनला हात लावू देईना. कोणी वायरजवळ पाय नेला की ओरडायचा. यूपीएस किंचाळला की पंधरा मिनिटांच्या आत सगळं नीट बंद करायचा, म्हणजे झालेलं तरी टिकेल. मला कौतुक वाटायचं. दुपारी मी शाळेत निर्धास्त शिकवायची, कधी येताना बाजारही करून यायची.

आता खरी गोष्ट सांगते. तीन-चार महिन्यांनी मी त्या साइटवर लोकांचे प्रश्न-उत्तरं वाचत होते, तेव्हा मला कळलं की प्रोग्राम मधूनमधून झालेलं काम साठवून ठेवतो. सुरुवातीला आमच्या सेटिंगमध्ये काही तरी कमी होतं, ते मी त्याच दिवशी दुरुस्त केलं. त्यानंतर लाइट गेली तरी फार तर शेवटची काही मिनिटं जायची. बाकी सगळं जिथल्या तिथे. माणूस समोर बसायची काहीच गरज नव्हती.

हे मी दादाला सांगितलं नाही.

त्याला ड्युटी आवडते, कशाला मोडता घालायचा, असं मी स्वतःला समजावलं. ते थोडंसं खरं होतं. जास्त खरं हे होतं की तो न चुकता बसत होता म्हणून माझं दुपारचं काम चालत होतं. त्याला कळलं असतं तर एखाद्या दिवशी तो म्हणाला असता, आज पाय दुखतो, नाही येत. ते मला परवडणारं नव्हतं. मला स्वतःचा राग येतो तो इथे.

पुढच्या चैत्रात उन्हाळी धानाला पाणी देणाऱ्या मोटारी सुरू झाल्या आणि भारनियमनाचा कागद महिन्यात तीनदा बदलला. लाइट कधी नऊला यायची, कधी अकराला. दादा नऊपासून येऊन बसायला लागला. मी म्हटलं, 'इतक्या लवकर काऊन येतोस?' तर म्हणाला, 'आली नि मी नसलो तं?'

सिकलसेलच्या माणसाला डॉक्टर एक गोष्ट हजार वेळा सांगतात: पाणी पी. उन्हाळ्यात तर दर तासाला पी. घरी आई त्याच्यामागे तांब्या घेऊन फिरायची. क्लासमध्ये माठ होता, मी रोज भरायची. पण आमच्या खोलीला संडास-बाथरूम नव्हतं. जायचं तर हायवे ओलांडून बसस्टँडच्या मागे जायचं, आणि नागपूर-रायपूरचे ट्रक लंगड्या माणसासाठी थांबत नाहीत. जाऊन यायला त्याला वीस मिनिटं लागायची. त्या वीस मिनिटांत लाइट गेली तर? काम वाया जाईल.

म्हणून त्याने पाणी पिणंच कमी केलं होतं. मला कळलं नाही, कारण संध्याकाळी मी माठाकडे कधी पाहिलंच नाही. सकाळी भरायची आणि विसरायची.

एका दुपारी मी शाळेतून आले तर तो खुर्चीत बसलेला होता, टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून. चेहरा राखेसारखा. मुलं भिंतीला चिकटून उभी होती. मी म्हटलं, 'दादा, केव्हापासून दुखतंय?'

'एक वाजल्यापासून.'

तीन वाजून गेले होते. 'मग कोणाला सांगितलं काऊन नाही? घरी गेला काऊन नाही?'

त्याने पडद्याकडे मान वळवली. 'चौऱ्याण्णव झाले. थोडंच राहिलं.'

मी मशीनचं बटण तसंच दाबून बंद केलं. तो ओरडला, 'का केलं वं हे?' आणि तो आवाज माझ्या कानातून अजून जात नाही, कारण दुखण्याने तो ओरडला नव्हता, यासाठी ओरडला.

जीप करून आम्ही त्याला गोंदियाला नेलं. वाटेतल्या आमगावपर्यंत तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून कण्हत होता, पुढे कण्हणंही बंद झालं, तेव्हा मला जास्त भीती वाटली. सरकारी दवाखान्यात सलाईन, रक्त, इंजेक्शनं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, 'दिनभर में पानी कितना पीता था?' आई माझ्याकडे पाहायला लागली. मी म्हटलं, माठ भरलेला असतो.

'भरलेला असते, रिकामा होते का?' आई म्हणाली.

पाचव्या दिवशी तो उठून बसला. दुपारची वेळ, आई खाली डबा धुवायला गेली होती. मला आणखी ओझं वागवता येईना. मी त्याला सगळं सांगितलं. काम वाया जात नाही, आपोआप साठवलं जातं, लाइट आली की तिथूनच पुढे चालतं. मला कधीचं माहीत होतं. तू उठून गेला असतास, घरी जाऊन झोपला असतास, तरी काही बिघडलं नसतं.

मला वाटलं होतं तो चिडेल, शिव्या देईल. चिडला असता तर बरं झालं असतं. तो सलाईनच्या नळीकडे पाहत बसला आणि अगदी हळू म्हणाला, 'मंग मी कायले बसत होतो वं?'

मी त्याचे पाय चेपायला घेतले. दुसरं काय करणार होते?

घरी आल्यावर तो परत दारात बसायला लागला. क्लासला आला नाही. दाढी वाढली. कोणी विचारलं की 'बसून राहिलो' हे उत्तर परत सुरू झालं. मी दुपारी कुलूप लावून शाळेत जायची आणि सहा-सात मुलं सोडून गेली, ते माझ्या कर्माचं फळ म्हणून मी गिळलं. कोपऱ्यातलं मशीन चालूच होतं. समोर कोणी नव्हतं, म्हणून मी तास वाढवून परत आठ केले. लाइट जायची, यायची, काम तिथून पुढे चालायचं. मी त्या पडद्याकडे फिरकत नव्हते. आई एकदा म्हणाली, 'खरं सांगून तू मोकळी झाली. त्याचं काय?' आई अशीच बोलते, मऊ बोलणं तिला जमत नाही. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही, पण विचार तोच करत होते.

धानाची कापणी सुरू झाली होती तेव्हा एका सकाळी दादा क्लासच्या दारात येऊन उभा राहिला. दाढी केलेली. हातात पाण्याची मोठी बाटली. तो कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला, आणि मुलं गेल्यावर म्हणाला, 'हे एका घंट्याचं होते का?'

'होतं. पण दादा, तुला सांगितलं ना, बसायची गरज नाही. वाया जात नाही.'

'नाई जात, ठीक हाये. पर झालेलं पाहाले कोणी पायजे का नाई?' मग बाटलीचं झाकण उघडून माझ्यादेखत अर्धी बाटली प्यायला. 'एक घंटा मले जमते. त्याच्यावर नाई जमत. तू तेवढं कर.'

मी एक तास केला. म्हणजे दिवसभरात एकाच्या जागी पाच-सहा कामं उतरवायची, टेलिफोनच्या तारेवरून. इंटरनेट रडायला लागलं, मुलांची मेल उघडेना. प्रकल्पवाल्यांची सूचना साइटवर होतीच, कृपया तास वाढवा, आमच्या यंत्रणेवर ताण येतो. त्यांचं बरोबर होतं. मी ती वाचायची, मनातल्या मनात माफी मागायची आणि एकावरच ठेवायची. त्यांच्याकडे जगभरातली मशीनं होती. माझ्याकडे एकच दादा होता.

त्या तासाभरात मी त्या मशीनला कोणाला हात लावू देत नसे. दादा अकराला यायचा, मी त्याच्यासमोर नवं काम सुरू करून द्यायची, तो पाणी पीत बसायचा, काम शंभरावर पोचलं की 'झालं' म्हणायचा आणि घरी जायचा. मुलांनाही सवय झाली. त्याचं 'झालं' ऐकून एखादी मुलगी टाळी वाजवायची आणि तो लाजायचा. कधी लाइट मध्येच गेली तर उठून जायचा; उरलेलं काम मी थांबवून ठेवायची आणि तो ते पाहायला दुसऱ्या दिवशी यायचा. दुपारचं शाळेचं काम मी सोडलं. शाळा सोडताना वाईट वाटलं नाही, इतकी मी दमले होते.

असं दोन वर्षं चाललं. मधे दोनदा रक्त द्यावं लागलं, एकदा छातीत पाणी झालं. खुबा मात्र झिजतच गेला. नागपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, मग त्याच डॉक्टरांनी सांगितलं की त्याचं रक्त आता ते सोसणार नाही. तेव्हापासून तो काठी घेऊन यायला लागला, मग आईचा हात धरून. घर ते क्लास, पूर्वी पाच मिनिटांची वाट, तिला अर्धा तास लागायचा. आई त्याला खुर्चीत बसवून बाहेरच्या बाकावर थांबायची. मी म्हणायची, रोज नको येऊस. तो ऐकायचा नाही आणि मी जोर लावायची नाही.

माघातल्या एका सकाळी तो बसला होता. चाळीस टक्के झाले असतील. त्याने मला हाक मारली. आवाजावरून कळलं, दुखत होतं.

'एकाच्या खाली नाई का?'

'काय?'

'अर्ध्या घंट्याचं.'

मी साइट उघडली. मला माहीत होतं, तरी उघडली. खाली खाली सरकवून त्याला यादी दाखवली. चोवीस, वीस, सोळा. आठ, सहा, चार. शेवटी एक. त्याच्या खाली काही नव्हतं.

'नाही दादा. एकच आहे.'

मला रडू आलं, मुलं समोर होती तरी आवरलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. काठी हाताशी ओढली, टेबलाला रेटा देऊन उठला. आई बाकावरून आत आली.

'मंग एकच राहू दे,' तो म्हणाला. 'अर्धा मी बसलो. अर्धा तू बस.'

आई त्याला घेऊन गेली. मी मुलांना सांगितलं, आता कोणी मला हाक मारू नका, आणि त्याच्या खुर्चीत बसले. इतक्या वर्षांत मी त्या मशीनसमोर अशी कधी बसले नव्हते. दोरा गुंडाळत होता, उलगडत होता. पन्नास, साठ. पाय अवघडले. ऐंशीला मला उठून मुलीची चूक दाखवायला जावंसं वाटलं, नाही गेले. काम शंभरावर जाऊन गायब झालं आणि त्या जागी दुसरं आलं.

घरी गेले तेव्हा तो खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. मला वाटलं झोपला आहे. पण त्याने विचारलं, 'झालं का?'

'झालं,' मी म्हटलं. 'मी पाहिलं.'